येलदरीच्या काठावर होडीनं मुक्कामाला जाताना

माझं आजोळ येलदरीच्या पाण्याखाली आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याआधीच आजीचं गाव उठलं आणि वर माळावर पुनर्वसनात जाऊन बसलं. मी जन्मलो तेव्हा जुनं गाव नव्हतंच. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी मे महिन्यात पाणी पार खाली जातं, पाराचे दगड उघडे पडतात. मग आई काठावर उभी राहून हात लांब करायची आणि म्हणायची, “ती बघ, आपली विहीर.”

हे आधी सांगायला कारण आहे. जिंतूरला माझं ठिबकचं आणि मोटारींचं दुकान आहे. गेली चौदा वर्षं मी हिवाळ्यात होडी घेऊन या पाण्यावर जातो, काठावर तंबू टाकून रात्र काढतो. त्यामुळं हल्ली फुगवायची कयाक विकत घेतलेली पोरं परभणीहून, नांदेडहून, अगदी संभाजीनगरहून मला विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काका, जागा सरकारीच आहे ना? मग विचारायचं कुणाला?”

विचारायचं पुष्कळांना. कुणाला, कसं, आणि तिथं पोचल्यावर वागायचं कसं, ते सगळं इथं लिहितो.

सरकारी जागा कुणाकुणाची असते

पोरांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले असतात. तिकडं केंद्र सरकारच्या कितीतरी जंगलांत आणि माळरानांवर चौदा दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो. आपल्याकडं असा सरसकट हक्क नाही, हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा. धरणाच्या काठावर उभे राहिलात तर पायाखालची जमीन चारपैकी कुणाची तरी असते. संपादित केलेलं बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचं. गायरान गावाचं, तिथं ग्रामपंचायतीला विचारायचं. वनजमीन असेल तर वन विभागाची. त्याच्या पलीकडं खासगी शेत, आणि ते ओलांडूनच तुम्ही पाण्यापर्यंत येणार असता. पाण्याचं आणखी वेगळं. धरणातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. मत्स्यबीज ते पैसे घालून सोडतात, राखण ते करतात.

यातल्या बुडीत क्षेत्रातच एक जमीन अशी आहे की ती शहरातल्या माणसाला दिसतच नाही. तिला गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात धरण भरतं, दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरायला लागतं, आणि काठाची पट्टी उघडी पडत जाते. वर गाळ बसलेला, आत ओल टिकलेली. ही जमीन धरणग्रस्तांना आणि काठच्या शेतकऱ्यांना एका हंगामापुरती कसायला देतात. पाणी मागं सरकतं तसा पेरा पुढं सरकतो. हरभरा, गहू, ज्वारी, कुठं टरबूज.

माझ्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. डिसेंबरात संध्याकाळी उशिरा पोचलो, पाण्यालगत सपाट, मऊ, काळी जमीन दिसली. एक काडी उगवलेली नव्हती. तंबू टाकला, होडी ओढत आणून शेजारी पालथी घातली, चौघं जण इकडून तिकडं फिरलो. सकाळी तांबडं फुटताना तंबूबाहेर कुणीतरी खाकरलं. एक म्हातारी बाई उभी होती, लुगड्याचा काष्टा मारलेला, हातात खुरपं. ती ओरडली नाही. खाली बसली, बोटानं माती बाजूला केली आणि एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. हरभरा होता. टम्म फुगलेला, शेंड्याला पांढरा कोंब. “परवा पेरलंय, दादा,” एवढंच म्हणाली. मग मी मागं वळून बघितलं. होडी ओढली होती तिथपर्यंत जमीन फरशीसारखी चेपून गेली होती.

माझ्या आजीनंही पुनर्वसनानंतर असाच गाळपेरा केलेला. त्या बाईला नुकसानीचे पैसे दिले, पण कोंब फुटलेला दाणा पैशानं परत उगवत नाही. तेव्हापासूनचा नियम असा : उजेडात पोचायचं, आणि काळी सपाट मऊ जमीन दिसली की ती पेरलेलीच आहे असं धरून चालायचं. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या, ओळी दिसतात का बघा. तिरप्या उन्हात बघितलं की ओळी उठून दिसतात. तंबू मुरमाड, खडकाळ, चढावरच्या जागी टाकायचा. पाठीला टोचतं, पण तिथं कुणाचं पोट नसतं.

परवानगी

मी साध्या कागदावर अर्ज करतो. जलसंपदा विभागाच्या स्थानिक शाखा कार्यालयात कार्यकारी अभियंत्यांच्या नावे. त्यात सगळ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर, ओळखपत्रांच्या प्रती, होडी कसली, किती, मोटर आहे की वल्ह्याची, लाइफ जॅकेट किती, कुठून पाण्यात उतरणार, कुठं थांबणार, कधी परतणार, गाडीचा नंबर. प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि तिच्यावर पोच घ्यायची. तीच प्रत पोलीस ठाण्यात, तीच ग्रामपंचायतीत. किमान पंधरा दिवस आधी. मला दोनदा नकार मिळाला आहे, एकदा पाणीपातळी झपाट्यानं बदलत होती म्हणून. नकार म्हणजे नकार. ‘आता कोण बघतंय’ म्हणून गेलात तर पुढच्या दहा जणांची वाट बंद होते. वल्ह्याची होडी सोडून इंजिनाची आणणार असाल तर नोंदणीचे कायदेशीर कागद लागतात, आणि पाण्यावर डिझेल-पेट्रोल सांडणार. मी ती आणत नाही.

कागद झाले की खरी परवानगी बाकी राहते, ती गावात. पोलीस पाटलांना भेटा, काठावरच्या शेतमालकाला भेटा, मच्छीमार संस्थेच्या माणसाला भेटा. फोनवर नाही, जाऊन. “रामराम, आम्ही जिंतूरचे, उद्या रात्री इथं थांबावं म्हणतोय, तुमची काही अडचण?” असं सरळ विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, “इथं नका, तिथं थांबा.” त्या ‘तिथं’मध्ये मोठी माहिती असते. कुठं चिखल आहे, कुठं जाळी लावतात, कुठं साप निघतो, कुठं बायका धुण्याला येतात, ते त्यांना ठाऊक असतं. जनावरांचा पाणवठा, धुण्याचा दगड, दशक्रियेची जागा, यांच्या आसपास तंबू नको म्हणजे नको. उघड्यावर पडलेलं जुनं देऊळ दिसलं तर त्याच्या ओट्यावर बिछाना टाकायचा नाही. पाणी उतरलं की लोक तिथं दर्शनाला येतात, माझी आईही जायची.

नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याचा, मोह सगळ्यांना होतो. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी, पैठणच्या भिंतीवर उभं राहिलं की समुद्रच. पण १९८६ पासून ते जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, ३४१ चौरस किलोमीटरचं, आणि २०१७ मध्ये त्याच्या भोवतीचा पट्टाही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आग लावता येत नाही, शस्त्र नेता येत नाही. म्हणून मी तिथं रात्रीचा मुक्काम करत नाही आणि कुणाला करा म्हणत नाही. वन विभागाला विचारून दिवसा काठावरून पक्षी बघतो, रात्री पैठणला येऊन झोपतो. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, नंबर फोनमध्ये असू द्या.

आणि कुठलंही धरण असो, भिंत, सांडवा, वीजगृह, शहराच्या पाणीपुरवठ्याची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) यांच्याजवळ होडी न्यायचीच नाही. येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. ते चालू झाले की खाली नदीत पाणी येतं. त्यामुळं भिंतीच्या खालच्या अंगाला, सिद्धेश्वर धरणाकडं जाणाऱ्या पात्रात, वाळू कितीही सुंदर दिसली तरी तंबू टाकायचा नाही.

पाण्यावर

होडीनं मुक्कामाला जायचे माझे महिने मोजके, नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. जून ते ऑक्टोबर नाहीच. नाथसागराचाच हिशेब मांडून दाखवतो. वरून एक लाख क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी येत असेल तर भरलेल्या जलाशयाची पातळी तासाला जवळपास तीन सेंटीमीटर चढते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण आपल्याकडचे काठ पसरट. उतार शंभराला एक असला तर तीन सेंटीमीटर म्हणजे तीन मीटर जमीन पाण्याखाली, तासातासाला. रात्री दहाला झोपलात तर पहाटे सहाला पाणी चोवीस मीटर पुढं आलेलं. हिवाळ्यात ह्याच्या उलट होतं. पाणी दहा सेंटीमीटर उतरलं की दहा मीटर चिखल उघडा पडतो आणि सकाळी होडी त्या चिखलापलीकडं राहते. म्हणून होडी रात्री वर ओढून, पालथी करून, दोन ठिकाणी बांधायची. दोर दगडाला घासतो तिथं मी ठिबकच्या सोळा एमएम नळीचा हातभर तुकडा मध्ये चिरून अडकवतो. दोर कापत नाही.

एप्रिल-मे मध्ये वळवाचं वारं येतं. घटकाभरात आभाळ भरतं, वीज पडते. मराठवाड्यात विजेनं माणसं जातात ती बहुतेक उघड्या रानातच, आणि पाण्यावरच्या माणसापेक्षा उघडा माणूस दुसरा कोण? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. पण गडगडाट ऐकू आला की ॲप बघत बसायचं नाही, काठ गाठायचा. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

हिवाळ्यातही वारं दुपारून उठतं. उघडं पाणी लांबवर पसरलेलं असलं की लाटेला धावायला जागा मिळते. मोठा पल्ला सकाळी अकराच्या आत ओलांडा, नंतर काठ धरून चला. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे बांधलेले, शिट्टी गळ्यात. पोहता येतं म्हणून जॅकेट बुडाखाली घेऊन बसणारा माणूस माझ्या होडीत बसत नाही. जानेवारीतलं पाणी अंगाला लागलं की हातपाय कसे आखडतात ते मी अनुभवलंय.

काठाला वेडी बाभूळ आणि बेशरमाची झुडपं. बाभळीचा काटा फुगवलेल्या होडीचा काळ आहे, म्हणून काठावर उतरायच्या आधी होडीत बसूनच वल्ह्यानं तळ चाचपायचा. त्याच वल्ह्यानं गाळाची खोलीही कळते. वल्हं हातभर आत गेलं तर तिथं पाय ठेवू नका. रुतलात तर झटका मारून पाय उपसायचा नाही. होडीवर छाती टाकून आडवं व्हायचं आणि पाय हळूहळू सोडवून घ्यायचा.

आता जाळ्यांचं. भोई बांधव संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. जाळं पाण्याखाली असतं. वर दिसतात ते थर्माकोलचे तुकडे नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. तिसऱ्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं ‘पाण्यातला कचरा’ गोळा करत निघालो. तरंगणाऱ्या बाटल्या दिसतील तशा उचलल्या, दोऱ्या कापल्या, पोत्यात भरल्या. त्या एका माणसाच्या जाळ्याच्या खुणा होत्या. जाळं तळाला गेलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या चप्पूवर, थर्माकोलच्या तराफ्यावर, गुडघे टेकून दोरीला आकडा बांधून तळ चाचपत होता. मी पैसे पुढं केले. तो म्हणाला, “पैसे नंतर. आधी वल्हं मारा.” दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पाणी विंचरलं, तेव्हा जाळं लागलं, निम्मं फाटलेलं. त्याच्याकडूनच मी शिकलो की दोन खुणांच्या मधून होडी न्यायची नाही, लांबून वळसा घालायचा. अंधार पडल्यावर होडी चालवायचीच नाही. आणि तरंगती बाटली दिसली तर आधी तिला दोरी आहे का ते बघायचं. तो माणूस आता माझा मित्र आहे. निघण्याआधी मी त्याला फोन करतो, तो सांगतो कोणत्या अंगाला जाळी आहेत.

गळ टाकून मासे धरायची हौस असेल तर संस्थेला विचारून. मासळी खायची असेल तर पहाटे त्यांच्याकडूनच घ्या. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. घासाघीस करू नका, रात्रभर थंडीत पाण्यावर बसलेला माणूस आहे.

मोटारी, केबली आणि रात्रीची लाईट

हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाणी मागं सरकलं की मोटार पुढं न्यायची, केबल वाढवायची, सांधा मारायचा. हे सांधे बहुतेक वेळा काळ्या टेपनं गुंडाळलेले असतात, कधी त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि ओल्या मातीत नाहीतर सरळ पाण्यात पडलेले. माझ्या दुकानात अशा जळलेल्या केबली आठवड्याला येतात. म्हणून मोटार दिसली की तिथून शंभर पावलं लांब उतरा. केबलवरून होडी ओढू नका, पाइपाला दोर बांधू नका, त्या पाण्यात अंघोळीला उतरू नका. लाईट गेलेली आहे म्हणून केबल उचलायची तर मुळीच नाही, कारण लाईट कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं.

शेतीला थ्री फेज लाईट पाळीनं मिळते, आणि कितीतरी आठवडे ती पाळी रात्रीची असते. रात्री दोनला शेतकरी एकटा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला काठावर येतो. अंधारात त्याला अचानक तंबू दिसला तर तो काय समजेल? चोर. वाळू चोरणारे. एकदा एक जण कुऱ्हाड घेऊन आमच्या तंबूपासून दहा पावलांवर उभा होता, आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापत होता. चूक आमची होती, शेजारच्या शेतमालकाला सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून मी तंबूच्या वाटेकडच्या बाजूला एक मिणमिणता दिवा रात्रभर लावून ठेवतो आणि संध्याकाळी आजूबाजूच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, जाऊन नावानिशी सांगून येतो. बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही, पाण्यावर जाळं ओढणाऱ्याच्या तर कधीच नाही.

शौचाचं

लोक हे विचारायला लाजतात म्हणून मीच आधी काढतो.

जगभर नियम असा सांगतात की पाण्यापासून ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून बसायचं आणि माती लोटायची. नदीच्या किंवा डोंगराच्या मुक्कामाला तो ठीक. धरणाच्या काठावर तो फसवा आहे, कारण पाण्याची आजची कड म्हणजे धरणाची कड नव्हे. जानेवारीत तुम्ही पाण्यापासून ६० मीटरवर खड्डा केलात तरी ती जागा ऑगस्टात पाण्याखाली असणार. तेच पाणी खालच्या गावांच्या नळाला येणार. मोजायचं तर भरलेल्या पाण्याच्या रेघेपासून मोजा. ती रेघ ओळखता येते. वाळलेला काडीकचरा एका ओळीत अडकलेला असतो, त्याच्या वर जुनी झाडं सुरू होतात, काही ठिकाणी हद्दीचे दगडही असतात. पण त्या रेघेच्या वर ८० पावलं गेलं की बहुधा कुणाचं तरी शेत लागतं. म्हणजे खड्ड्याला जागाच नाही.

म्हणून आम्ही सगळं परत आणतो. दहा लिटरची घट्ट झाकणाची बादली, आत जाड पिशवी, तळाला वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा तीन ओंजळी. प्रत्येकानं उठताना वर एक ओंजळ भुसा टाकायचा. वास येत नाही, खरंच येत नाही. धुण्यासाठी तांब्याऐवजी अर्धा लिटरची बाटली, झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेली, दाबली की धार येते. पाणी निम्म्याच्या निम्मं लागतं आणि भुसा ते पिऊन घेतो. दोन माणसांना एका रात्रीला एक बादली पुरते. घरी आलं की ऐवज संडासात, पिशवी वेगळी बांधून कचऱ्यात, बादली उन्हात. आडोशाला माझ्या बायकोनं दुकानातलं हिरवं शेडनेट काढलं, चार काठ्यांना बांधायला कडेनं नाडी शिवली. बायका बरोबर असतील तर तंबूच्या आधी हा आडोसा उभा करायचा, हा नियम तिचा, आणि आम्ही तो मोडत नाही.

साबण, शाम्पू, भांड्याची पावडर पाण्यात नाही. बादलीनं पाणी वर नेऊन राखेनं भांडी घासा. राख घरून आणायची, कारण तिथं चूल पेटवायची नाही.

आग, आवाज, पाखरं

चुलीवरच्या भाकरीची हौस मला कळते. पण काठावर वाळलेलं गवत असतं, वर शेतात कडब्याची गंजी असते, आणि डिसेंबरचं कोरडं वारं. एक ठिणगी म्हणजे कुणाच्या तरी जनावरांचा वर्षाचा चारा. लहान गॅस शेगडी न्या, वाऱ्याला आड करून पेटवा. भाकरी गावातून सांगून घ्या, पैसे देऊन. ज्वारीची गरम भाकरी, वर ठेचा, आणि ती करणाऱ्या माउलीच्या घरात चार रुपये.

दारू नाही. कायद्यानं राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, पण माझं कारण साधं आहे : पाणी शेजारी आहे. स्पीकर नाही. थंडीच्या रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा उबदार असते, त्यामुळं आवाज वर न जाता पाण्यावरून वाकून पैलतीराला पोचतो. तुम्ही हळू म्हटलेलं गाणंही पलीकडच्या आखाड्यावर शब्दन्‌शब्द ऐकू जातं, आणि तिथं उद्या पहाटे चारला उठणारा माणूस झोपलेला असतो.

हिवाळ्यात दूरदेशची बदकं येतात. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब. वारकरी नावाची पाखरं तर शेकड्यानं. थवा दिसला की सरळ त्याच्यावर होडी घालू नका. पाखरांनी माना वर केल्या, एकमेकांजवळ सरकायला लागली, की तिथंच वल्हं थांबवायचं. तेवढं अंतर त्यांना हवं आहे. उठवलेला थवा फोटोत छान दिसतो, पण हजारो मैल उडून आलेल्या जिवाला तुम्ही उगाच उडवलेलं असतं. मार्चनंतर बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर नदी सुरय ही पाखरं घरटी करतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. टिटवीचंही तसंच, आणि ती तर डोक्यावर ओरडत फिरून सांगतेच. ती ओरडायला लागली की पाऊल मागं घ्या, जागा बदला.

साप आहेत. काळी माती भेगाळते, भेगांत उंदीर, उंदरामागं साप. रात्री मण्यारीची भीती जास्त, म्हणून तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत, बाहेर पडताना बॅटरी. चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक काही नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात. हा दवाखाना कुठं आहे ते निघण्याआधी माहीत करून घ्या.

एका जागी एकच रात्र, फार तर दोन. सहाच्या वर माणसं नकोत. सहा जणांत ओळख होते, बारा जणांत जत्रा.

निघताना

तंबू काढल्यावर सगळे हातभर अंतरानं एका ओळीत उभे राहतो आणि खाली बघत चालतो. एकदा आडवं, एकदा उभं. रबर, बिस्किटाच्या पुड्याचा कोपरा, काडीचं गूल, तंगूसचा (गळाच्या नायलॉन दोऱ्याचा) तुकडा. तंगूस तर बारकाईनं शोधा, पाखरांच्या पायात अडकतो. आपला नसलेला कचराही पोत्यात, दोरी बांधलेल्या बाटल्या सोडून. मांडलेले दगड होते तिथं परत ठेवा, खुंट्यांची भोकं टाचेनं बुजवा, होडी ओढल्याची रेघ पायानं मोडा. मी आल्यावर एक आणि निघताना एक असे दोन फोटो एकाच जागेवरून काढतो आणि शेतमालकाला पाठवतो. त्यांनी मागितलेले नसतात, तरी पाठवतो.

परतताना होडी काठाला लागली की आधी पोलीस पाटलांना फोन : “निघालो, सगळे आहोत.” ठरल्या वेळेला तो फोन आला नाही तर तिकडं लोक होड्या काढतील, आपल्यासाठी रात्र घालवतील. म्हणून उशीर होणार असेल तर तेही कळवा.

घरी आल्यावर होडी आतून-बाहेरून धुवायची, गाद्यांच्या खाचांतला गाळ ब्रशनं काढायचा, साचलेलं पाणी उलटं करून ओतायचं. जलपर्णीचा बोटभर तुकडाही एका धरणातून दुसऱ्यात गेला तर पसरतो, आणि मग जाळी टाकायला पाणी उरत नाही. धुतलेली होडी गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात राहू द्या, खालची बाजू वर करून. तिसऱ्या दिवशी हात फिरवून बघा. शिवणीत ओल लागली तर आणखी एक दिवस.